शिकाऊ उमेदवाराला शिकवणार कोण? कारखानदार आणि एचआर अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींमधले कारखानदार, प्लँट हेड आणि एचआर अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आयटीआयमधला निवृत्त शिल्पनिदेशक. मशिनिस्ट ट्रेड शिकवला. माझ्या हाताखालून गेलेली मुले सातपूर, अंबड, सिन्नर, चाकण, रांजणगाव इथे तुमच्या कारखान्यांत ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून येत राहिली. त्यांचे फोन मला अजून येतात. पैसे पुरत नाहीत, हे त्या फोनवर असतेच. खोलीचे भाडे आणि मेसचे बिल गेल्यावर सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पोराच्या हातात काही उरत नाही. पण मला सगळ्यात जास्त टोचते ती तक्रार वेगळी आहे. "सर, इथे शिकवत कोणीच नाही."

याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचे आहे. शिकाऊ उमेदवारीचा सगळा कायदा या एका गोष्टीवर उभा आहे, आणि तुम्हाला त्या कायद्यातून मिळणारी प्रत्येक सवलतसुद्धा.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाचे कलम १८ तुमच्या एचआर विभागाला तोंडपाठ असते. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत, असे ते कलम सांगते. त्यामुळे त्याला किमान वेतन नाही. पीएफ नाही, ईएसआय नाही, बोनस आणि ग्रॅच्युइटी नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातली 'कामगार' ही व्याख्या शिकाऊलाही आत घेत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ त्या व्याख्येतून उघडपणे वगळला. म्हणजे दार आधी लोटलेले होते, आता कडी लागली.

मी या कलमाच्या विरोधात नाही. शिकण्याचे वर्ष आणि नोकरीचे वर्ष वेगळे असावे, हे मला पटते. ज्या मुलाकडून पहिले दोन महिने एकही जॉब (यंत्रावर घडवायचा भाग) धड निघणार नाही, त्याला कारखान्याने पूर्ण पगार द्यावा असे कोणी म्हणणार नाही. शिवाय जॉब बिघडणार, इन्सर्ट (हत्याराची कापणारी पाती) तुटणार, निष्णात माणसाचा वेळ जाणार. हा खर्च मालकाने सोसावा आणि त्या बदल्यात त्याच्यावर कामगार कायद्याचे ओझे नसावे, असा हा व्यवहार आहे. त्यात मालकाची बाजू कलम ११ मध्ये लिहिली आहे. ते कलम मात्र मला आजवर फारच थोड्या एचआर कार्यालयांत कोणी वाचून दाखवले.

कलम ११ म्हणते की मालकाने शिकाऊला त्याच्या ट्रेडचे प्रशिक्षण कायद्याप्रमाणे आणि नियमांप्रमाणे द्यायचे. मालक स्वतः त्या ट्रेडमधला पात्र माणूस नसेल, तर पात्र माणसाकडे प्रशिक्षणाची जबाबदारी सोपवायची. प्रात्यक्षिक आणि थिअरी शिकवायला पुरेसे, ठरलेल्या पात्रतेचे शिकवणारे ठेवायचे, ट्रेड टेस्टसाठी सोय करायची. आणि करारात जे लिहिले ते पाळायचे. एवढेच. यात शिकाऊकडून किती पार्ट काढून घ्यावेत याबद्दल चकार शब्द नाही. उलट कलम १३ सांगते की त्याला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादन बोनस किंवा इन्सेन्टिव्हच्या योजनेत ओढता येत नाही. १९६१ साली ज्यांनी हा मसुदा लिहिला, त्यांना धोका नेमका कुठे आहे ते ठाऊक होते.

आता तुमच्या शॉप फ्लोअरवर काय चालते ते सांगतो. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण एकदा लिहिलेले वाचा.

मशिनिस्टचा एनसीव्हीटी (आयटीआयची राष्ट्रीय परीक्षा) झालेला मुलगा तुमच्याकडे येतो. पहिल्या दिवशी इंडक्शन होते, सेफ्टी शूज आणि टोपी मिळते. दुसऱ्या दिवशी त्याला सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) टर्निंगच्या एका मशीनवर उभे करतात. पार्ट चकमध्ये धरायचा, दार लावायचे, हिरवे बटण दाबायचे, सायकल संपली की पार्ट काढायचा, गेजमध्ये घालून बघायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. सेटिंग सेटर (यंत्र जुळवणारा कारागीर) करणार. ऑफसेट (मापाची दुरुस्ती) सेटर देणार. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. ड्रॉइंग काचेच्या चौकटीत भिंतीवर आहे, पण ते कोणी समजावत नाही. वर्ष संपते तेव्हा हा मुलगा त्या एका पार्टचा, त्या एका मशीनवरचा वेगवान माणूस झालेला असतो. मिलिंगला तो गेला नाही, ग्राइंडिंग त्याने लांबून पाहिले, टूल रूमचे दार त्याच्यासाठी उघडलेच नाही. आयटीआयमध्ये दोन वर्षांत मायक्रोमीटर वाचायला शिकलेला हात तुमच्याकडे वर्षभरात नुसते 'बसतो की नाही' सांगणाऱ्या गो-नोगो गेजवर आला. काही बाबतींत तो आला होता त्याहून कमी शिकलेला होऊन बाहेर पडतो. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण असे मुलगे मी पाहिले आहेत.

याला ऑपरेटर म्हणतात. ऑपरेटरचे काम हलके नाही, त्याला मान आहे. पण त्या कामाला पगार, ओव्हरटाइम, पीएफ आणि ईएसआय असते.

कोर्टांनीही हा फरक पाहिला आहे. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितले की करार नोंदवलेला नाही एवढ्यावरून शिकाऊ उमेदवार कामगार होत नाही. हा निकाल तुमचे सल्लागार तुम्हाला नक्की दाखवतात. त्याच्या वर्षभर आधी, २००३ मध्ये, आमच्या नाशिकच्याच एका रबर कारखान्याचे प्रकरण त्याच कोर्टात गेले होते. तिथली माणसे कागदोपत्री ट्रेनी होती आणि प्रत्यक्षात उत्पादन काढत होती. ती कामगारच आहेत, हा हायकोर्टाचा निर्णय सुप्रीम कोर्टाने कायम ठेवला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर मला तरी एकच अर्थ लागतो: खरोखर शिकणाऱ्याच्या कागदात त्रुटी राहिली तर कोर्ट ती समजून घेईल, शिकवणेच नसेल तर नुसते लेबल फार काळ टिकणार नाही.

लेबले तर आपण खूप पाहिली. २०१३ मध्ये 'नीम' ही कारखान्यात ट्रेनी ठेवण्याची योजना आली. पुण्याच्या पट्ट्यात 'नीम ट्रेनी' हा शब्द घरोघरी गेला. ती योजना बंद झाली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तिच्यातही सहा महिन्यांनी पुढे काय, हा प्रश्न घेऊन मुले रस्त्यावर आली. या योजना वेगळ्या, त्यांचे कायदे वेगळे. पण कारखान्यातला सुपरवायझर या सगळ्यांना एकाच रांगेत उभे करतो आणि विचारतो, "आज किती माणसे कमी आहेत?" मला वाटते, दुखणे तिथे आहे. शिकाऊ उमेदवार हजेरीपटावरच्या रिकाम्या जागा भरायला धरला की पुढचे सगळे आपोआप बिघडते.

आकड्यांचे थोडे बोलतो. २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणे सक्तीचे आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के, आणि त्या मनुष्यबळात कंत्राटी माणसेही मोजायची. २०० माणसांच्या कारखान्यात ५ ते ३० शिकाऊ. विद्यावेतन त्याच दुरुस्तीने शिक्षणानुसार दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवले, आयटीआय झालेल्याला ७,०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने ते ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा उचलते. विद्यावेतनाचे आकडे किमान आहेत. जास्त देऊ नका असे कोणताही नियम सांगत नाही, आणि चाकणला एका खोलीचे भाडे काय आहे हे तुमच्या एचआरला ठाऊक असतेच.

पण खरा प्रश्न ५ आणि ३० यांमधल्या फरकाचा आहे. ३० शिकाऊ घेणारा कारखाना कागदावर कौतुकाला पात्र ठरतो. मी तिथे एवढेच विचारीन की त्या ३० जणांना शिकवणारे किती आहेत, आणि रात्रपाळीत त्यांच्यापैकी कोण हजर असतो? उत्तर 'लाइनचा लीडर बघतो' असे असेल तर ५ च घ्या. पाच जणांना नीट शिकवा. कायद्याची सक्ती पूर्ण होते आणि पाच घरांत कारागीर तयार होतो.

कायद्याचा धाक कमी झाला आहे हे मी जाणतो. पूर्वी या कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. २२ डिसेंबर २०१४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती काढली. शिकाऊला त्याच्या प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम दिले, परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेतला, कराराच्या अटी पाळल्या नाहीत, तर प्रत्येक प्रसंगाला हजार रुपये दंड ठेवला. हजार रुपये म्हणजे तुमच्या एका बिघडलेल्या कास्टिंगची किंमत. तेव्हा सरकारने तुमच्यावर विश्वास टाकला असे मी समजतो. कामाचे तासही त्याच दुरुस्तीने तुमच्या हातात दिले. ओव्हरटाइमची अट मात्र ठेवली: शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची) मंजुरी हवी, आणि प्रशिक्षणाच्या किंवा लोकांच्या हिताचे आहे याची खात्री पटल्याशिवाय त्याने ती द्यायची नाही. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून पोराला चार तास थांबवणे यात कुठेच बसत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रावर) बोटे जातात. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे जखमी झालेल्या कामगारांसोबत 'सेफ इन इंडिया' ही संस्था हरियाणात आणि आपल्या महाराष्ट्रात काम करते, आणि दरवर्षी तीच गोष्ट पुन्हा मांडते. सेन्सर चालत नाही, गार्ड काढून ठेवलेला असतो, दोन हातांनी दाबायचे बटण एका हाताने चालेल असे करून ठेवलेले असते. अशा यंत्रावर नवखा माणूस कधीच उभा राहू नये. कलम १४ सांगते की कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी शिकाऊला तो कामगार असल्यासारखीच लागू होतात. कलम १८ ची ढाल इथे चालत नाही. धोकादायक उद्योगात १८ वर्षांखालचा शिकाऊ घेताच येत नाही. कलम १६ प्रमाणे अपघाताची भरपाई मालकाने द्यायची आहे. शिकाऊच्या खिशात ईएसआयचे कार्ड नसते, त्यामुळे इजा झाल्यावर पहिल्या तासाला त्याला कोणत्या दवाखान्यात न्यायचे आणि पैसे कोण भरणार, हे आधी ठरलेले नसेल तर सुपरवायझर गोंधळतो. मग कारखान्याच्या गाडीतून जवळच्या खासगी दवाखान्यात नेले जाते आणि दुसऱ्या दिवशी बापाला गावाहून बोलावून कागदावर सही घेतली जाते. असा एक बाप माझ्याकडे आला होता. कारखान्याचे नाव मी इथे घेणार नाही. तुम्ही प्रत्येक शिकाऊचा अपघात विमा उतरवा, त्याची प्रत मुलाच्या हातात द्या, आणि प्रेस शॉपमध्ये पहिले काही महिने त्याला फक्त बघायला आणि डाय (प्रेसचा साचा) बसवणाऱ्याच्या हाताखाली उभे करा. एवढे माझ्यासाठी नको, पण त्या मुलाच्या आईसाठी करा.

मुलींबद्दलही सांगायला हवे. असेंब्ली लाइनवर आता पुष्कळ मुली ॲप्रेंटिस म्हणून येतात. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा शिकाऊ आणि ट्रेनी यांनाही नाव घेऊन संरक्षण देतो. अशा तक्रारी ऐकणाऱ्या तुमच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे त्या मुलींना पहिल्याच दिवशी कळली पाहिजेत.

तुमची बाजू मी ऐकली आहे. "आयटीआयमधून पोरगा येतो, त्याला काहीच येत नाही." काही अंशी खरे आहे. अनेक आयटीआयमध्ये यंत्रे जुनी आहेत, निदेशकांच्या जागा रिकाम्या राहतात, कच्चा माल वेळेवर मिळत नाही. नेमके म्हणूनच शिकाऊ उमेदवारी आहे. जे संस्थेत होत नाही ते कारखान्यात व्हावे, यासाठीच हे वर्ष ठेवले आहे. "शिकवले की दुसरीकडे जातो." जातो, हे मीही पाहिले आहे. पण तुमच्या शेजारच्या कारखान्याने शिकवलेला तुमच्याकडे येतो, हेही तितकेच खरे. सगळ्यांनी शिकवायचे थांबवले तर पाच वर्षांनी सेटर मिळणार नाही. चांगला सेटर, चांगला डाय फिटर आजच शोधावा लागतो, ही तक्रार तुमच्याच असोसिएशनच्या सभांत मी ऐकली आहे.

तिसरी गोष्ट तुम्ही खासगीत सांगता. ती अशी की कोणी विचारत नाही. करार सरकारी पोर्टलवर चढवला, हजेरी भरली, विद्यावेतन बँकेत गेले की काम झाले. हेही खरे, आणि त्याचा दोष तुमचा एकट्याचा नाही. सल्लागार कार्यालयातली माणसे थोडी आणि कारखाने फार. पोर्टलवर करार दिसतो, शिकवणे दिसत नाही. कलम २० प्रमाणे करारातून निघालेला वाद सल्लागाराकडे नेता येतो आणि त्याच्या निर्णयावर तीस दिवसांत अपील करता येते, हे माझ्या मुलांपैकी फार थोड्यांना माहीत असते. माहीत असले तरी प्रमाणपत्र अडेल या भीतीने कोणी जात नाही. म्हणूनच हे पत्र मी सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

चांगली उदाहरणे आहेत, आणि ती बहुतेक वेळा छोट्या शेडमध्ये सापडतात. १२-१५ माणसांचे वर्कशॉप. कायद्याने त्यांना शिकाऊ घेणे सक्तीचे नाही, ऐच्छिक आहे. मालक स्वतः लेथवर उभा असतो. सकाळी जॉब येतो, तो कसा धरायचा यावर मालक आणि पोरगा मिळून डोके चालवतात. फिक्श्चर (जॉब पकडून ठेवायची चौकट) नाही, मग बनवा. टूलला धार गेली, मग लावा. दुपारी गिऱ्हाइकाकडे जाऊन तोच पार्ट बसवून यायचा. अशा शेडमधून वर्षभराने बाहेर पडलेला मुलगा ड्रॉइंग हातात घेतो तेव्हाच कळते की हा कामाचा आहे. त्या मालकाने कलम ११ वाचलेले नसते. तो ते जगतो. तुमच्याकडे वातानुकूलित ट्रेनिंग रूम आहे, प्रोजेक्टर आहे, त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे शिकवणारा माणूस आहे.

नोकरीबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितो, कारण मुलांना ती हमी म्हणून सांगितली जाते आणि ती हमी नाही. शिकाऊला कायम करण्याची सक्ती कायद्यात नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम २२ एवढेच सांगते की शिकून झालेल्यांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण आखावे. तुमचे धोरण असेल. ते मुलाला दाखवले आहे का? सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले होते की बाकी सगळे सारखे असेल तर थेट भरतीपेक्षा प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे. खासगी कारखान्यालाही यातला न्याय कळायला हरकत नसावी. "बघू, पुढच्या वर्षी होईल" असे सांगून मुलाला एका ॲप्रेंटिसशिपवरून दुसऱ्या ट्रेनीशिपवर ढकलू नका. घेणार नसाल तर तसे स्पष्ट सांगा. एकवीस वर्षांच्या मुलाचे एक वर्ष फार मोठे असते.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या तुकडीचा करार नोंदवताना त्यासोबत एक पान जोडा. त्यावर मुलाला शिकवणाऱ्या माणसाचे नाव आणि ट्रेड असू द्या. कोणत्या महिन्यात तो कोणत्या विभागात असेल ते लिहा: टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, टूल रूम, इन्स्पेक्शन, मेंटेनन्स. आठवड्यातला थिअरीचा तास कोणता आणि अपघात विम्याचा क्रमांक काय, तेही. त्याची एक प्रत मुलाला, एक नोटीस बोर्डावर. शिकाऊने रोजच्या कामाची वही ठेवायची हे नियमांत आहेच. ती वही महिन्यातून एकदा शिकवणाऱ्याने खरोखर वाचून सही करावी. सलग तीन महिने वहीत एकच ओळ दिसली तर प्लँट हेडने स्वतः खाली उतरून विचारावे.

हे पान कसे बनवायचे हे कळत नसेल तर सांगा. ट्रेडचा अभ्यासक्रम आणि तुमच्याकडची यंत्रे समोर ठेवून ते एका दुपारी तयार होते. नाशिक परिसरातल्या कारखान्यांसाठी मी येऊन बसायला तयार आहे, मानधन नको. माझ्यासारखे निवृत्त निदेशक प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि बोलावले तर बहुतेक येतील.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, नाशिक